बादलीतला समुद्र

डेटा 'अ‍ॅडजस्ट' केला म्हटलं की लोकांना लगेच काळंबेरं दिसतं. पण पूर्वी समुद्राचं तापमान कसं मोजायचे, माहितीये? जहाजावरून बादली सोडायची, पाणी ओढायचं, थर्मामीटर बुडवायचा. कॅनव्हासच्या बादलीतलं पाणी वर येईपर्यंत वाऱ्याने गार! याउलट इंजिनासाठी आत घेतलेलं पाणी जरा गरमच. १९४५ साली युद्ध संपलं, इंजिनवाल्या अमेरिकन नोंदी घटल्या, बादलीवाल्या ब्रिटिश वाढल्या आणि जागतिक सरासरी एकदम सुमारे ०.३ अंशांनी घसरली. हा बग 'नेचर'मध्ये छापून यायला २००८ उजाडलं. मी रोज लॉगमधले टाइमझोन जुळवत बसतो, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. आणि गंमत म्हणजे, सगळ्या दुरुस्त्यांनंतर शतकभराची एकूण तापमानवाढ कच्च्या आकड्यांपेक्षा थोडी कमीच भरते. मग हा कट कसला?