खिमा मळू नका

भिवंडीत खिमा आणायला गेलं की खाटीक दोन गोष्टी विचारतो. रान, दस्त की सीना, यांतला कुठला भाग. आणि मशीनमधून एकदा काढू की दोनदा. ‘कबाबला हवाय’ म्हटलं की पुढचं बोलणं संपतं. बारीक जाळी, दोन फेऱ्या, वर मूठभर चरबी. हल्ली ‘बर्गरला हवाय’ म्हणणारी गिऱ्हाइकंही येतात आणि त्यांच्या पिशवीतही बहुधा तोच कबाबचा खिमा पडतो. खाटकाला बोल लावण्यात अर्थ नाही. घरी गेल्यावर त्या खिम्याचा कबाबच होणार असतो, फक्त चपटा आणि पावात घातलेला.

कारण घरोघरची कृती साधारण एकच आहे. आलं-लसणाची पेस्ट, हिरवी मिरची, कोथिंबीर, बारीक चिरलेला कांदा, गरम मसाला, लिंबू, एक अंडं, दुधात भिजवलेला पाव आणि कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं म्हणून चमचाभर सोया सॉस. मग चवीपुरतं मीठ घालून सगळं पोळ्यांच्या कणकेसारखं मळायचं आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं. तव्यावरून उतरतं ते चविष्ट असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दात लावला की ते चिवट लागतं, पावाच्या आत गोल चेंडूसारखं फुगून बसतं आणि दुसऱ्या घासाला मागून घसरतं. मग दोष मसाल्याला दिला जातो आणि पुढच्या रविवारी त्यात आणखी एक मसाला पडतो.

या चिवटपणात मसाला बिचारा निर्दोष असतो. खरी गोम मिठाच्या वेळेत आणि हाताच्या जोरात आहे.

हे समजायला शिगेवर खिमा चढवणारा कारागीर जवळून पाहावा. परातीत खिमा, त्यात मीठ, तिखट, कुटलेला मसाला. तळहाताच्या टाचेने तो खिमा परातीच्या तळाशी रगडत राहतो, दहा-पंधरा मिनिटं, न थांबता. सुरुवातीला खिमा दाणेदार असतो, बोटांतून सुटतो. हळूहळू त्याचा लाल रंग फिका पडतो, कडा परात सोडू लागतात आणि शेवटी हात उचलला की सगळा गोळा हाताबरोबर वर येतो. कबाबवाले याला ‘लेस’ म्हणतात. मग हात ओला करून तो शिगेभोवती थापायचा, बोटांनी खाचा पाडायच्या. निखाऱ्यांवर शीग फिरते तेव्हा खिमा गळून पडत नाही तो या लेसाच्या जोरावर.

त्यामागचं कारण सरळ आहे. मांसाच्या तंतूंत मायोसिन नावाचं प्रथिन असतं. मिठाने ते विरघळून बाहेर येतं आणि रगडल्यावर त्याची चिकट जाळी तयार होते. आच लागली की ही जाळी आवळते. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावाला हे वेगळं शिकवायला नको. ताण्याचं सूत मागावर चढण्याआधी सायझिंगमध्ये जातं, तिथे त्याला खळ बसते, सुटे तंतू एकमेकांना धरून राहतात आणि धागा मागाचा ताण सोसतो. खिम्यात मीठ घालून मळणं म्हणजे खिम्याला खळ देणं. सीख कबाबला ती हवीच, नाहीतर तो शिगेवर टिकणार कसा?

बर्गरला शीग नाही. तो तव्यावर पडून असतो, खाली आधाराला लोखंड आहे. उलथण्याने उलटेपर्यंत एकत्र राहिला म्हणजे त्याचं काम झालं. म्हणून त्याच्या खिम्यात आधी मीठ नको, अंडं नको, मळणं तर नकोच. गोळा करायचा तोही लाडू वळताना दाबतात तसा दाबून नाही, नुसता जमवून. मग घास सुटा, भुसभुशीत लागतो आणि दाण्यांच्या मधल्या पोकळीत रस राहतो.

मग खिम्यात एवढा मसाला घालायची सवय आली कुठून? महाराष्ट्र पावात घालून खायला शिकला तो बटाट्यापासून. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली वडापावची गाडी सुरू केली असं मानलं जातं. ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅकडॉनल्ड्सने दिल्लीच्या वसंत विहारमध्ये देशातलं पहिलं दुकान उघडलं तेही गोमांस आणि डुकराचं मांस वगळून, आणि पुढे त्यांनाही लोकांनी डोक्यावर घेतलं ते आलू टिक्कीच्या बर्गरसाठी. उकडलेल्या बटाट्याला स्वतःची चव जेमतेम. आलं-लसूण-मिरची त्याच्यात जेवढी मुरेल तेवढी थोडी. तोच हात खिम्यावर चालवला की मात्र पंचाईत होते, कारण ज्या चवीसाठी पैसे मोजून मांस आणलं तीच मसाल्याखाली दडपली जाते.

जाता जाता नावाचा घोळही मिटवलेला बरा. हॅम म्हणजे डुकराचं मांस, म्हणून हॅम्बर्गर हे नाव ऐकून भिवंडीत कुणी कपाळाला आठी घातली तर नवल नाही. त्या शब्दाचा हॅमशी काही संबंध नाही. तो जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरावरून आला. मूळ पदार्थ गोमांसाचा, हे खरं. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैसवर्गीय जनावरं त्या बंदीबाहेर आहेत. त्यामुळे इथल्या घरात पॅटी होणार ती बोकडाच्या, कोंबडीच्या किंवा बाजारात ज्याला ‘बडे का’ म्हणतात त्या म्हशीच्या मांसाची. परदेशी कृती इथे जशाच्या तशा फसतात त्याचं हे मोठं कारण आहे: तिकडच्या खिम्यात जेवढी चरबी धरलेली असते, तेवढी बोकडाच्या रानात किंवा म्हशीच्या मांसात नसतेच.

तेव्हा खाटकाशी बोलताना पहिला शब्द चरबीचा हवा. आठशे ग्रॅम मांसाला दोनशे ग्रॅम चरबी, म्हणजे चार भागांना एक, हे प्रमाण तिकडे वर्षानुवर्षं चालत आलं आहे आणि ते इथेही लागू पडतं. बोकडाचं घ्यायचं तर नुसतं रान नको. दस्त आणि सीना मिळून घ्यावं आणि गुर्द्याभोवतीची पांढरी चरबी त्यात घालायला सांगावी. जाड जाळी, एकच फेरी. खाटीक एकदा वर बघेल, पण करून देईल. घरी आल्यावर खिमा तासभर फ्रिजमध्ये, कारण हाताच्या उबेने चरबी विरघळून मांसाला माखली की ती तव्यावर आधीच वाहून जाते.

कोंबडीचा खिमा मात्र वेगळी जात आहे. त्यात चरबी नावालाच असते, त्यामुळे अर्ध्या किलोला लादीतला एक पाव दुधात भिजवून, पिळून घालावा आणि थंड लोणी किसून मिसळावं. इथे भिजवलेला पाव ओल धरून ठेवायचं खरं काम करतो. मटणात घातला तर नुसती भर होते.

आता मसाला. कांदा पाणी सोडतो. ते पाणी तव्यावर वाफ होतं आणि वाफेत मांस शिजतं, खरपूस होत नाही. मांसाला जो तपकिरी पापुद्रा हवा तो साधारण १४० अंशांच्या वर येतो आणि पाणी असेपर्यंत पृष्ठभाग शंभरापुढे सरकत नाही. आलं-लसणाच्या पेस्टचं तेच. कच्ची पपई तर चुकूनही नको: तिच्यातलं पपेन मांसाचे तंतू तोडतं, आणि जो खिमा मशीनने आधीच तोडलाय त्याचा लगदा होतो. गरम मसाल्याची पूड उघड्या तव्यावर जळून कडवट लागते. एवढं सगळं वजा केल्यावर उरतात मीठ आणि जाड भरडलेली मिरी. फार वाटलंच तर भाजून भरडलेले धणे-जिरे, अर्ध्या किलोला एक चमचा, खिम्यावर भुरभुरून दोन बोटांनी हलकेच फिरवलेले. कांदा, पुदिना, हिरवी मिरची यांना घरात बंदी नाही. कांद्याच्या चकत्या व्हिनेगरमध्ये, बाकीचं चटणीत, आणि दोन्ही पावात. तिथे त्यांची चव कच्ची, तजेलदार राहते आणि मांसाची मांसाला.

एका पॅटीला ११० ते १२० ग्रॅम खिमा घ्यावा. जाडी दीड सेंटिमीटर, घेर पावापेक्षा बोटभर मोठा, कारण आचेवर ती आक्रसते. मधोमध अंगठ्याने उथळ खळगा करावा म्हणजे फुगून चेंडू होत नाही. बिडाचा तवा पाण्याचा थेंब नाचेपर्यंत तापवावा. मीठ या क्षणी, तव्यावर टाकण्याच्या अगदी आधी, फक्त वरून: दोन्ही बाजू मिळून पाव चमचा. मीठ लावून फोनवर बोलायला गेलात तर पॅटी ओली होऊन बसते. तव्यावर पडली की चर्रर आवाज यायला हवा; नुसतं फसफसलं तर तवा थंड होता असं समजावं. एका बाजूला चार मिनिटं, दुसऱ्या बाजूला चार, आणि मधे उलथण्याने दाबून रस काढायचा नाही.

आतून गुलाबी ठेवण्याची परदेशी हौस इथे नको, यात आपल्या आजीचंच बरोबर आहे. अख्ख्या तुकड्यावर जंतू असले तर ते पृष्ठभागावर असतात आणि तिथे जळतात. खिम्यात मशीन तोच पृष्ठभाग आत कालवतं. १९९३ साली अमेरिकेत ‘जॅक इन द बॉक्स’ या साखळीच्या अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय पसरला, सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. तिकडच्या सरकारी सूचनेनुसार खिम्याच्या पॅटीचं आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस हवं, कोंबडीचं ७४. रंगावर भरवसा ठेवता येत नाही, त्यासाठी टोचायचा थर्मामीटर मिळतो. ऑनलाइन मागवला तर बरेचदा तो माणकोली-काल्हेरकडच्या एखाद्या गोदामातूनच निघून भिवंडीकराच्या दारी येतो, ही वेगळी गंमत.

त्याच वाटेने गोठवलेल्या पॅटीही येतात. त्यांच्या पाकिटाची मागची बाजू वाचावी. सोया प्रथिनं, स्टार्च आणि पुढची यादी पाहिली की कळतं, कारखान्यालाही एकजीव, न तुटणारा गोळाच हवा असतो, कारण त्याला ट्रकमधून प्रवास करायचा आहे. खाटकाच्या दुकानापासून तव्यापर्यंत दहा मिनिटांचं अंतर असलेल्या घराला ही अडचण नाही.

आणि चार पॅटी थापून पावशेर खिमा उरला, तर आता मात्र त्यात मीठ घालावं. आलं-लसूण, मिरची, कोथिंबीर, गरम मसाला, जे जे मघाशी हातचं राखलं होतं ते सगळं. परात घ्यावी, बाह्या सरसावाव्यात आणि हाताबरोबर खिमा वर उचलला जाईपर्यंत रगडत बसावं. रात्रीच्या सीख कबाबची सोय झाली.