चिमणराव, तात्या विंचू, गांधीजी आणि बाबुली : माणूस एकच, मग तो 'स्टार' का नाही?

घरात एक प्रयोग करून बघा. दिलीप प्रभावळकर म्हटल्यावर डोळ्यांसमोर कोण येतं, असं प्रत्येकाला विचारा.

आजी म्हणेल, चिमणराव. आई म्हणेल, 'चौकट राजा'तला नंदू. नव्वदच्या दशकात लहान असलेला काका तात्या विंचूचा आवाज काढून दाखवेल. ताईला टिपरे आबा आठवतील. हिंदी सिनेमे बघणारा मित्र म्हणेल, 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी. आणि गेल्या काही महिन्यांत रील्स बघणारा म्हणेल, 'दशावतार'मधला बाबुली.

सहा उत्तरं, माणूस एकच. मराठीत अशा नटाला 'अष्टपैलू' म्हणून आपण मोकळे होतो. पण इतकी वर्षं इतकं काम केलेल्या या नटाला आपण कधी 'स्टार' म्हटलं नाही. असं का झालं, हे समजलं की मराठी सिनेमा कसा चालतो, हेही समजतं.

आधी 'दशावतार'चं बघू

१२ सप्टेंबर २०२५ ला सुबोध खानोलकर दिग्दर्शित 'दशावतार' प्रदर्शित झाला. प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ चा. म्हणजे सिनेमा आला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. भरत जाधव, महेश मांजरेकर, सिद्धार्थ मेनन, प्रियदर्शिनी इंदलकर असे कलाकार सोबत असले तरी सिनेमा उभा होता तो बाबुली मेस्त्री या म्हाताऱ्या दशावतारी कलाकारावर. २०२५ मधल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या मराठी सिनेमांमध्ये त्याची नोंद झाली.

याचं अप्रूप का? मराठी निर्माता सिनेमा घेऊन बाजारात उतरतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, चेहरा कोण? शो किती मिळणार, ते टिकणार की नाही, हे पहिल्या शनिवार-रविवारच्या गर्दीवर ठरतं. अशा वेळी ८१ वर्षांच्या नटाच्या नावावर पैसे लावायला धाडस लागतं. ज्येष्ठ नटांसाठी लिहिलेले सिनेमे मराठीत आधीही आलेत. विक्रम गोखलेंना 'अनुमती'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण अशा सिनेमांची चर्चा बहुतेकदा पुरस्काराशीच थांबते. 'दशावतार' गल्ल्यावरही चालला.

हा माणूस आला कुठून?

विज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण, औषध कंपनीत नोकरी आणि सोबत नाटक. त्या काळातल्या कित्येक मराठी नटांप्रमाणे प्रभावळकरांचीही सुरुवात अशीच झाली. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात त्यांनी चिंची चेटकीण केली. मतकरींच्याच 'आरण्यक'मध्ये ते विदुर झाले. चाळीसहून अधिक वर्षांनी हे नाटक पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हाही विदुर तेच होते.

एकीकडे चेटकीण, दुसरीकडे विदुर. पुढच्या सगळ्या प्रवासाचा अंदाज इथेच येतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव आला आणि प्रभावळकर घराघरांत पोहोचले. सोबत गुंड्याभाऊ होते बाळ कर्वे.

तिथे थांबून आयुष्यभर चिमणरावच विकता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात ते बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग मुलाचे वडील झाले आणि १९९१ च्या 'चौकट राजा'त तसा मुलगा. एकाच दुःखाच्या दोन्ही बाजू त्यांनी केल्या.

मग 'स्टार' का नाही?

ऐंशी-नव्वदच्या दशकात मराठी सिनेमा चालायचा तो अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या नावावर. दोघेही मोठे नट. पण पोस्टरवर त्यांचा चेहरा दिसला की आत काय मिळणार, हे प्रेक्षकाला माहीत असायचं. स्टार म्हणजे ही खात्री. प्रभावळकरांबाबत नेमकं उलटं होतं. या वेळी ते कोण असतील, हे तिकीट काढेपर्यंत कळायचं नाही.

१९९३ चा 'झपाटलेला' घ्या. हिरो लक्ष्मीकांत. लोकांच्या लक्षात राहिला तात्या विंचू. हा गुंड प्रत्यक्ष प्रभावळकरांच्या रूपात दिसतो तो सुरुवातीला थोडाच वेळ. नंतर पडद्यावर असतो रामदास पाध्येंचा बाहुला आणि प्रभावळकरांचा आवाज. चेहरा न दाखवता त्यांनी एका पिढीची झोप उडवली. पण न दिसणाऱ्या चेहऱ्याचं पोस्टर कसं करणार?

हिंदीतही तेच. 'एन्काउंटर : द किलिंग'मध्ये पुनप्पा हा गँगस्टर, 'सरकार राज'मध्ये रावसाहेब आणि मधल्या काळात, २००६ मध्ये, गांधीजी. 'लगे रहो मुन्नाभाई' आणि मराठी 'शेवरी' या दोन्ही सिनेमांसाठी मिळून त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यातला 'सहायक' हा शब्द लक्षात ठेवा. भूमिका गाजली, पण गोष्ट दुसऱ्याची होती.

भूमिका मिळत नसेल तर लिहायची

प्रभावळकर फक्त नट असते, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ते लेखकही आहेत.

'हसवा फसवी' हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका केल्या. त्यातले जुन्या जमान्यातले वृद्ध गायक नट कृष्णराव हेरंबकर आजही नाट्यरसिकांच्या आठवणीत आहेत. पुढे पुष्कर श्रोत्रीने हे नाटक केलं, यावरून ते लेखन एका नटापुरतं नव्हतं, हेही दिसलं.

'अनुदिनी' हे त्यांचंच पुस्तक. त्यावरून केदार शिंदेंनी 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका केली आणि प्रभावळकर त्यात आबा झाले. तेव्हा ते स्वतः साठीच्याही आत होते. मुलांसाठी त्यांनी 'बोक्या सातबंडे' लिहिला, त्यावर सिनेमाही आला.

म्हणजे त्यांच्या सगळ्यात लाडक्या भूमिकांपैकी काही त्यांना कुणी दिलेल्या नाहीत. त्या त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिल्या.

बाबुली त्यांनाच का शोभला?

कोकणातल्या आणि गोव्यातल्या जत्रांमध्ये दशावतार रात्रभर चालतो. कलाकार आपला रंग आपणच लावतो. स्त्री भूमिका पुरुषच करतात. संवाद लिहून पाठ केलेले नसतात. आख्यान ठरलेलं असतं, बोलायचं मात्र उभ्या उभ्या. आज राजा झालेला उद्या राक्षस होतो आणि सकाळी रंग पुसून कामाला लागतो.

सिनेमातल्या बाबुलीची दृष्टी अधू होत चालली आहे, तरी त्याच्याने रंगमंच सुटत नाही. ज्याला लोक पात्रांच्या नावाने ओळखतात अशा कलाकाराची ही गोष्ट आहे. प्रभावळकरांना आयुष्यभर ज्या गोष्टीमुळे पोस्टर मिळालं नाही, तीच इथे सिनेमाचा विषय झाली. २०१३ च्या 'नारबाची वाडी'त ते कोकणातल्याच म्हाताऱ्याच्या मुख्य भूमिकेत होते. पण गर्दी खेचणारा नट अशी चर्चा 'दशावतार'ने घडवली.

पुढे काय?

एक सिनेमा चालला म्हणून लगेच सगळं बदलत नाही. मराठी मालिका आणि सिनेमांत साठीपुढच्या नटांना आजही बहुतेकदा आजोबा, सासरे, नाहीतर फोटोतले हार घातलेले बाबा होऊनच यावं लागतं. नट्यांची स्थिती तर याहून वाईट आहे.

प्रभावळकरांना लिहिता येत होतं, म्हणून त्यांनी वाट काढली. ज्यांना तेवढाच अभिनय येतो पण लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी लिहावं लागेल. 'दशावतार'ने प्रेक्षक तिकीट काढायला तयार आहे, हे दाखवलं. आता वय झालेल्या माणसाला गोष्टीच्या मध्यभागी ठेवणाऱ्या किती संहिता निर्मात्यांच्या टेबलावर येतात आणि त्यातल्या किती पडद्यापर्यंत पोहोचतात, हे बघायचं.