पाकीट न फोडता खात्री

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना मी आवर्जून सांगतो, जमलं तर इंटर्नशिप वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात करा.

कॅथेटरचं साधं पाकीट घ्या. एक बाजू पारदर्शक प्लास्टिकची, दुसरी टायवेक या कागदासारख्या, तंतुमय पदार्थाची. टायवेकमधून इथिलीन ऑक्साइड वायू आत शिरतो, जंतू मारतो आणि बाहेर पडतो. बाहेरच्या जंतूंना मात्र वाट मिळत नाही. सगळी भिस्त कडेच्या सीलवर. उष्णता कमी पडली तर सील सुटतं, जास्त झाली तर उघडताना टायवेक फाटून तंतू निघतात. इंटर्नला देण्याजोगं हे उत्तम काम आहे. तापमान, दाब, वेळ बदलत नमुने सील करायचे, पट्ट्या कापून त्या सोलायला किती बळ लागतं ते मोजायचं, रंगीत द्रव सोडून गळती शोधायची.

वर्गातलं संख्याशास्त्र इथे खरं कळतं. आतली वस्तू निर्जंतुक आहे का हे पाहायला पाकीट फोडावं लागतं आणि फोडलं की ती रुग्णाच्या कामाची राहत नाही. त्यामुळे नगामागून नग तपासून भागत नाही. प्रक्रियाच आधी सिद्ध करावी लागते. नग निर्जंतुक नसण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून जास्त नको, अशी ही कसोटी. शंभरात ४० गुणांवर पास होण्याची सवय तिथे चालत नाही.

मग नोंदी. चुकलेल्या आकड्याला व्हाइटनर लावायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. जुना आकडा वाचता आलाच पाहिजे. उद्या एखाद्या रुग्णालयातून तक्रार आली, तर लॉट नंबरवरून याच कागदापर्यंत पोचायचं असतं. जर्नलमध्ये मित्राचे आकडे उतरवणाऱ्या आपल्या मुलांना हे शिक्षण मला सर्वांत मोलाचं वाटतं.

म्हणून कारखान्यांना विनंती आहे, मुलांना क्लीनरूमच्या काचेबाहेरून लाइन दाखवून परत पाठवू नका. एक तरी मोजमाप त्यांच्या हाती द्या, खाली सही त्यांची घ्या. कॉलेजांनी प्रमाणपत्रावर समाधान मानू नये, पूर्ण सत्र द्यावं. आणि तोंडी परीक्षेत एवढंच विचारावं, ‘कोणता आकडा अपेक्षेविरुद्ध आला आणि तू तो कसा नोंदवलास?’