श्रवणसंवाद : सरलेल्या वर्षाचे सूर

वर्ष सरते, भिंतीवरील दिनदर्शिका उतरते; परंतु त्या वर्षी ऐकलेली गीते मनातून सहसा उतरत नाहीत. म्हणूनच नभोवाणीवर एखाद्या जुन्या वर्षाचे स्मरण करणारा कार्यक्रम लागला, की घरातील वडीलधारी मंडळी हातचे काम बाजूला ठेवून कान देतात.

उदाहरणार्थ, 1953 हे वर्ष घ्या. त्याच्या आदल्याच वर्षी, माहिती व नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकर यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर निर्बंध आले. अभिजात संगीत घरोघर पोहोचावे, हा हेतू उदात्त होता. परंतु श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे वळविला. 3 डिसेंबर 1952 रोजी तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि विमानाने कोलंबोस जाई. आरंभी सात गीते ऐकवून श्रोत्यांनी त्यांचा कालक्रम लावावा, अशी शंभर रुपयांची स्पर्धा होती. पुढे गीतांच्या चढत्या पायऱ्या आल्या. श्रोत्यांमधील भगिनींना आधी आणि बंधूंना नंतर संबोधणारे अमीन सयानी लक्षावधी कुटुंबांचे आप्त झाले.

1953 च्या वार्षिक क्रमवारीत ‘अनारकली’ चित्रपटातील लता मंगेशकरांचे गीत अग्रस्थानी आहे. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे.

तथापि अशी यादी म्हणजे ते संपूर्ण वर्ष नव्हे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. त्याच वर्षी 29 मे रोजी एव्हरेस्ट सर झाले, 1 ऑक्टोबरला आंध्र राज्य अस्तित्वात आले आणि आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ प्रदर्शित झाला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या या मराठी चित्रपटास हिंदी गीतांच्या क्रमवारीत स्थान असणे शक्यच नव्हते. शिवाय ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता, ज्यांना पत्र लिहिता येत नव्हते, त्यांची आवड कोणी मोजावी? शेतावर, जात्यावर, पाळण्यापाशी गायिले गेलेले सूर कोणत्याही पायरीवर चढले नाहीत.

लोकरुचीपुढे धोरणासही वाट बदलावी लागली. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली आणि 1989 मध्ये गीतमालाही तेथेच आली. 20 फेब्रुवारी 2024 रोजी सयानी निवर्तले. त्यांचा स्वर ध्वनिमुद्रणांत राहिला.

गीते अशी जतन होतात. ती ऐकताना घरात काय घडत होते, हे मात्र कोणतीही तबकडी सांगत नाही. तेव्हा पुढील वेळी असा कार्यक्रम लागेल, त्या वेळी आजी-आजोबांना मध्येच थांबवू नका. गाणे संपल्यावर त्यांना त्या वर्षाविषयी विचारा आणि त्यांचे उत्तर एखाद्या वहीत टिपून ठेवा. कुटुंबाचा इतिहास लिहिण्यास याहून सोपा आरंभ नाही. आणि सांगणारी माणसे समोर आहेत तोवरच तो करता येतो.