क्लीनरची रिकामी सीट

कापसाचा हंगाम लागला की धरणगावात गाड्यांना ड्रायव्हर पुरत नाहीत, आणि त्याच दिवसांत खिशात कोरा परवाना घेऊन फिरणाऱ्या पोरांना गाडी मिळत नाही. जिनिंगच्या फाटकापासून ट्रान्सपोर्टच्या ऑफिसपर्यंत त्यांना एकच प्रश्न विचारला जातो : "आधी कोणाकडे होतास?" कोणाकडेच नव्हतो, असे सांगितले की बोलणे तिथेच संपते.

यात मालकाला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. गाडी कर्जाची असते, हप्ता थांबत नाही. ड्रायव्हरचा परवाना त्या गाडीला लागू नसल्याचे अपघातानंतर निघाले, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. आरटीओच्या चाचणीत पोरगा रिकामी गाडी चालवून दाखवतो. मालकाला मात्र ती भरलेली, रात्रीची आणि पारोळ्याच्या पुढे ट्रेलरच्या गर्दीत चालवणारा माणूस हवा असतो.

ही दरी पूर्वी क्लीनरच्या सीटवर भरून निघायची. पोरगा आधी गाडीवर जायचा, परवाना मागून यायचा. टायरवर हातोडी मारून हवा ओळखणे, ताडपत्री ओढून रस्सा आवळणे, मागे उभे राहून गाडी रिव्हर्स घ्यायला लावणे, बिल्टी सांभाळणे हे सारे तो वस्तादाच्या शिव्या खात शिकायचा. त्या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पगार नावापुरता असायचा, मार मिळायचा, आणि रात्री मोकळ्या रस्त्यावर वस्तादाने स्टिअरिंग हातात दिले तर ते बेकायदाच असायचे. पण ती शाळा होती. आता भाड्यात दुसऱ्या माणसाचा खर्च बसत नाही म्हणून बहुतेक मालकांनी क्लीनर ठेवणे सोडले आहे. चालक-सहायक यंत्रणा असलेल्या जड वाहनांवरची क्लीनरची सक्ती काढण्याचा मसुदा राज्य सरकारनेही 2025 मध्ये जाहीर केला. सीट रिकामी झाली. तिथे जे शिकायला मिळायचे ते आता कुठे मिळणार, हे कोणीच ठरवलेले नाही.

कायद्याची शिडी तशी सरळ आहे. 18 व्या वर्षी हलक्या वाहनाचा परवाना मिळतो. तो किमान वर्षभर हातात असला आणि वयाची 20 वर्षे पूर्ण झाली की मालवाहू वाहनासाठी अर्ज करता येतो; त्याला मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली, आणि खेड्यातल्या अनेक मुलांची मोठी अडचण दूर झाली.

फारसे लोक लक्षात घेत नाहीत तो मुद्दा यापुढचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी रंभा देवी प्रकरणात निकाल दिला : भरलेल्या मालासह ज्याचे नोंदणीकृत एकूण वजन 7,500 किलोपर्यंत आहे, असे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते; त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. 2017 च्या मुकुंद देवांगन निकालातही न्यायालयाने हेच म्हटले होते, विमा कंपन्यांना ते मान्य नव्हते. धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांचे नियम अर्थात वेगळे आहेत. पण छोटा हत्ती, पिकअप आणि 407 च्या वर्गातल्या गाड्या या मर्यादेत बसतात. धरणगावच्या नव्या ड्रायव्हरची पहिली नोकरी इथेच आहे, महामार्गावरच्या चौदा चाकीवर नाही.

हे काम हलके मात्र नव्हे. सुट्या कापसाने भरलेली पिकअप फाळक्याच्या कितीतरी वर आणि बाहेर फुगते. आरशात मागचे काही दिसत नाही. काळ्या मातीच्या बांधावर चाक कुठे रुतेल याचा अंदाज लागतो, अरुंद गल्लीत खताची गाडी मागे घ्यावी लागते. तापीपलीकडे चोपडा-यावलकडे केळीच्या बागेत गेले तर घड भरून होईपर्यंत थांबायचे आणि मग उशीर भरून काढायला पळायचे. या सगळ्यात माणूस तयार होतो, पण चुकीच्या गोष्टींतही तयार होतो. जादा भरणे ही त्यातली पहिली. त्याला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहेत, तरी गाव तिकडे काणाडोळा करतो. दुसरी चूक मालावर मजूर बसवण्याची. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईची गाडी उलटली आणि तिच्यावर बसलेले किमान 15 मजूर गेले. प्रत्येक शेतात, प्रत्येक हंगामात ‘बसू दे रे, जवळच जायचे आहे’ असे म्हणणारा कोणी तरी असतोच, आणि त्याला नाही म्हणणे नव्या ड्रायव्हरला सगळ्यात अवघड जाते. ज्याची नोकरी मालकाच्या एका शब्दावर टिकून आहे तो नाही कसा म्हणेल? म्हणून ही जबाबदारी आधी मालकाची आणि माल भरणाऱ्याची धरली पाहिजे.

गिरणेच्या वाळूबद्दल एवढेच : रात्रीच्या फेरीला रोख पैसे लगेच मिळतात, पण बेकायदा वाळूची गाडी पकडली की स्टिअरिंगवरच्या पोराचे नाव गुन्ह्यात येते. ज्याची सुरुवात तिथे झाली त्याला पुढे चांगला मालक गाडी देत नाही.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, पण पाचपेक्षा कमी कामगार असलेला मालक त्याच्या कक्षेबाहेर राहिला. आपल्याकडचे बहुतेक मालक दोन-तीन गाड्यांचे आहेत. तिथे नेमणूकपत्र नाही, हजेरी नाही, पगार हातात. पोरगा दोन हंगाम राबतो आणि तरी कागदावर ‘अनुभव नाही’ असाच राहतो. मग जळगाव एमआयडीसीतल्या कंपनीच्या दारात पुन्हा तोच प्रश्न.

यावर उपाय मोठा नाही आणि सरकारची वाट पाहण्यासारखाही नाही. जिनिंग चालक, आडते, खत आणि सिमेंटचे विक्रेते यांनी ज्याला गाडी दिली त्याला गाडीचा क्रमांक, कामाचा काळ आणि अपघाताची नोंद असलेला एक पानाचा दाखला द्यावा. पहिले काही दिवस जुना ड्रायव्हर शेजारी बसवावा. एका तुटलेल्या फाळक्यापेक्षा ते स्वस्त पडते. आणि नव्या ड्रायव्हरने उचल कितीही घेतली तरी पगार बँकेत मागावा. मालकाने दाखला नाकारला, तर पुढच्या मालकापुढे ठेवायला निदान पासबुक तरी हातात राहील.