तारखांच्या आड दडलेली खोती

खोती कायद्याने गेली, पण न्यायालयांच्या दप्तरांतून ती अद्याप हललेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा त्याच विधिमंडळावर चालून गेला. तरीही खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. पुढे कूळकायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचा मालक मानले गेले.

पण त्या दिवशी कूळ कोण होते? रत्नागिरी जिल्ह्यात आजही दावे अडतात ते या प्रश्नाशी. मालक दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागतो आणि प्रतिवादी आपण कूळ असल्याचे सांगतो. कुळाचा प्रश्न ठरविण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयास नाही. म्हणून कलम ८५-अ खाली तो तहसीलदाराकडे जातो आणि दावा तहकूब राहतो. तहसीलदाराच्या मागे निवडणूक, पंचनामे, दाखले आणि मंत्र्यांचे दौरे! त्याने निर्णय दिलाच, तर पुढे प्रांत, महसूल न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय. दरम्यान पक्षकार मरतो. त्याचे वारस, निम्मे मुंबईत नोकरीला, नव्वद दिवसांत दाखल करून घेतले नाहीत, तर दावा त्याच्यापुरता रद्दबातल होतो. ज्याच्यापाशी पैसा व सवड आहे, त्याला दावा जिंकण्याची गरजच उरत नाही. तो लांबला की पुरे.

सुधारणा झाल्याच नाहीत असे नव्हे. २००२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कैफियतीस नव्वद दिवसांची कमाल मर्यादा आणि एका पक्षास तीनच तहकुबी असा दंडक घातला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्वद दिवसांची मर्यादा बंधनकारक नसल्याचे ठरविले. महाराष्ट्राने तर १९७७ साली दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ९-अ घालून अधिकारितेचा मुद्दा आधी निकालात काढण्याची सक्ती केली आणि दिरंगाईचे आणखी एक दार उघडले. ते बंद व्हायला २०१८ साल यावे लागले. दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश असावेत, ही विधी आयोगाची १९८७ ची शिफारस. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. आजही ते प्रमाण निम्म्यापर्यंत पोहोचलेले नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले. त्याच्या कक्षेत रत्नागिरीही येते. ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला, त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु ज्याचे प्रकरण तहसील कचेरीतच धूळ खात पडले आहे, त्याला कोल्हापूर काय नि मुंबई काय, सारखेच दूर.

तेव्हा कूळ-प्रकरणांसाठी प्रत्येक तालुक्यात केवळ न्यायदानाचेच काम करणारा अधिकारी हवा. दिवाणी न्यायालयाने पाठविलेल्या प्रश्नाचे उत्तर सहा महिन्यांत देण्याचे बंधन त्याच्यावर असावे. मृत पक्षकाराचे वारस दाखल करण्याची जबाबदारी कचेरीने घ्यावी. आणि कायदा संमत झाला की लढा संपला, असे मानून घरी परतलेल्या समाजवाद्यांनीही आता तालुक्याच्या कचेरीत जाऊन प्रलंबित प्रकरणांची यादी मागावी, गाववार आणि वर्षवार.