निधान, मॅडम, निधान!

मराठीच्या तासाला 'गुणनिधान' हा शब्द आला की मी मुलांना सांगते, निधान म्हणजे ठेवा, खजिना. घरी आले की माझ्या धारवाडच्या सासूबाई जिना उतरणाऱ्या नातीला हाक मारत असतात, "निधान गं, निधान!" कानडीत निधान म्हणजे सावकाश. दोन भाषांच्या घरात असे शब्द रोज दोन तोंडांनी वावरतात आणि आपले काही अडत नाही. माझे मात्र एकदा अडले, तेही समुद्राच्या पाण्यात.

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही मुर्डेश्वरला गेलो होतो. तिथून सुमारे १९ किलोमीटर आत समुद्रात नेत्राणीचे बेट आहे. वरून पाहिले तर बदामाच्या आकाराचे दिसते म्हणतात. भोवतालच्या पाण्यात प्रवाळ आहेत आणि ते पाहायला पाठीवर हवेची टाकी बांधून खाली नेतात. लेकीने हट्ट धरला, हे म्हणाले मी होडीतच बरा, म्हणून तिच्या सोबतीला मी. मला थोडी सर्दी होती. होडीवर विचारले तेव्हा मी "काही नाही" म्हणून टाकले. पैसे भरले होते ना!

प्रशिक्षक भटकळकडचा पोरगा. सगळे नीट सांगत होता. माझे लक्ष मळमळण्याकडे आणि लेकीचा फोटो काढण्याकडे. पाण्यात उतरलो. दोन-तीन मीटरवरच कानात कोणी सुई टोचावी तसे झाले. त्याने खुणेने विचारले, ठीक आहे का? मी आपला अंगठा वर केला. आपल्याकडे त्याचा अर्थ 'झकास', पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. तो मला मुकाट्याने वर घेऊन आला. वर आल्यावर म्हणाला, "निधान, मॅडम, निधान. गडबड बेड." मला राग आला. पुन्हा खाली निघालो. कान दुखतच होता, पण आता मी खूण केली नाही. घाबरून पाय झाडू लागले आणि पायातला तो लांब पंखा कशावर तरी आपटला. वळून पाहिले तर प्रवाळाचा एक कंगोरा तुटून पडला होता. तुटलेली जागा आतून पांढरी स्वच्छ, खोबऱ्याच्या कापासारखी.

बेळगावला आल्यावर कानाच्या डॉक्टरांनी पडद्यामागे रक्त साचल्याचे सांगितले. तीन आठवडे डाव्या कानाने वर्गातल्या मागच्या बाकांचे काही ऐकू येत नव्हते (मुले खूश होती). कान बरा झाला. त्या कंगोऱ्याचे काय झाले असेल, हे मात्र मनातून जाईना, म्हणून मी वाचायला बसले.

आपण बेळगावकर घाट उतरून कोकणात जातो तेव्हा कानात 'टप्' होते, ठाऊक आहे ना? बेळगाव समुद्रापासून साधारण ७५० मीटर उंच. तेवढे सगळे उतरून हवेचा जितका दाब वाढतो, तितका पाण्यात मीटरभरही खाली जायच्या आत वाढतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, २० वर तिप्पट. म्हणजे दुपटीची उडी पहिल्या १० मीटरांतच, आणि आपण नवखे लोक घाई करतो तीही तिथेच. कानाच्या पडद्यामागची हवा दबते, पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. १७०४ मध्ये वाल्साल्व्हा नावाच्या इटालियन वैद्याने ही युक्ती लिहून ठेवली, आजही तिला त्याचेच नाव आहे. पण ती दुखण्याआधी करायची, दर थोड्या अंतरावर. दुखू लागल्यावर जोर लावायचा नाही, थोडे वर यायचे आणि मग पुन्हा प्रयत्न. सर्दीने ती नळी सुजलेली असेल तर त्या दिवशी पाण्यात जायचेच नाही.

आता प्रवाळ. होडीवरच्या बहुतेकांना तो रंगीत दगड वाटतो. मलाही वाटला होता. खरे तर ती असंख्य चिमुकल्या जीवांची वसाहत. दगडासारखे गोळे बांधणाऱ्या काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. मी तोडलेला तुकडा वीतभर होता. हिशेब तुम्हीच करा. कानडीतले 'हवळ' आणि आपले 'पोवळे', दोन्ही या प्रवाळाचेच अपभ्रंश. मंगळसूत्रात ओवतो ते तांबडे पोवळे निराळ्या जातीचे, बहुधा भूमध्य समुद्रातले. पण आपल्याकडचे भिंती बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. वाघाला कोणी चुकून लाथ मारत नाही.

खाली जाताना अंगातला रबरी पोशाख दाबाने चपटा होतो, त्याची तरंगण्याची ताकद कमी होते आणि माणूस आपोआप जास्त वेगाने बुडू लागतो. कमरेला शिसे जास्त बांधले असेल तर विचारायलाच नको. म्हणून खाली जाता जाता जाकिटात थोडी थोडी हवा भरायची, तळाच्या पुष्कळ वर थांबायचे, आडवे व्हायचे, पाय वर ठेवायचे. उतरायचे ते वाळूच्या मोकळ्या जागेवर नजर ठेवून. नुसता गाळ उडाला तरी तो प्रवाळावर बसून त्या जीवांना गुदमरवतो. श्वास मात्र कधीच रोखायचा नाही, तो संथपणे चालूच राहायला हवा. एका ठिकाणी मी लोकांना प्रवाळावर उभे करून फोटो काढताना आणि माशांना पाव चारताना पाहिले. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल, आणि तो सौम्य नसेल.

गेल्या फेब्रुवारीत पुन्हा नेत्राणीला गेले, आधी तलावात चार दिवस रीतसर शिकून. सर्दी नव्हती, असती तर या वेळी सांगितली असती. दोर धरून उतरले. एक हात दोरावर, एक नाकावर. दर हातभर अंतरावर फुंकर. लेक माझ्या कितीतरी आधी खाली पोहोचली आणि हाताची घडी घालून वाट पाहत राहिली. मला किती वेळ लागला ते तिने घरी आल्यावर आजीला तिखटमीठ लावून सांगितले.

तळाच्या दोन मीटर वर थांबले. श्वास घेतला की तसूभर वर, सोडला की तसूभर खाली. समोर एक पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता आणि त्याचा कुरकुर आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू येत होता. लेकीने खुणेने विचारले, ठीक? अंगठा सवयीने वर निघाला होता. तो अर्ध्यावर थांबवून मी बोटांचा गोल केला.